चित्रकलेचा तास: मुलांना पाहायला कसे शिकवावे

शाळेत नव्याने रुजू झालेल्या कलाशिक्षकांसाठी हे लिहीत आहे. ज्या शाळांत स्वतंत्र कलाशिक्षक नसल्यामुळे मराठीच्या किंवा भूगोलाच्या शिक्षकांकडे चित्रकलेचा तास सोपवला जातो, त्यांनाही ते उपयोगी पडेल. सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षे चित्रकला शिकवली. आठवड्याला दोन तासिका, प्रत्येकी ३५ मिनिटांची, वर्गात पन्नास-साठ मुले आणि त्यांपैकी निम्म्यांकडे चित्रकलेची वहीच नाही, अशा परिस्थितीत आपल्या हातून काय होणार, असे नव्या शिक्षकांना वाटते. चित्रकार घडवण्याइतका वेळ शाळेत मिळत नाही, हे खरेच आहे. परंतु मुलाची पाहण्याची सवय बदलण्याइतका वेळ नक्की मिळतो, आणि ती सवय एकदा लागली की मूल पुढे चित्रकार होवो, शेतकरी होवो अथवा परिचारिका, ती त्याला सोडत नाही. त्यासाठी जे काही करायचे त्यातील पहिला नियम आधीच सांगून ठेवते: मुलाच्या कागदावर शिक्षकाने स्वतःची रेघ ओढू नये.

हा नियम मी पुस्तकातून घेतलेला नाही. सातवीत असताना मी एका तांब्याचे चित्र काढत होते. आमचे शिक्षक मागून आले, त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि माझ्या फिकट, चाचपडणाऱ्या रेघांवरून एक ठसठशीत रेघ फिरवून तांब्याचा घाट क्षणात नीट करून दिला. ते चित्र तालुक्याच्या प्रदर्शनात लागले, त्याला बक्षीसही मिळाले. मला मात्र त्या चित्राकडे पाहवत नसे, कारण त्यातला तांब्या माझा नव्हता आणि तो चुकला कुठे होता हे मला कळलेच नव्हते. पुढे स्वतः शिक्षिका झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे मीही तेच करत राहिले. आठवीतल्या एका मुलीच्या चित्रातला चेहरा मी 'थोडासा' दुरुस्त करून दिला आणि त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तिने स्वतःहून वही माझ्यासमोर धरली नाही. तिने तक्रार केली नाही, चित्रे काढणेही सोडले नाही, फक्त ती मला दाखवायची थांबली. त्या दिवसापासून मी दुरुस्ती दाखवायची झाली तर वेगळ्या कागदाच्या कपट्यावर किंवा फळ्यावर दाखवते, आणि दाखवून झाल्यावर पुसून टाकते.

शिक्षकाचे विद्यार्थ्यात काय उरते

कसे शिकवायचे हे ठरवण्याआधी शेवटी काय उरावे हे ठरवावे लागते. माझ्या डोळ्यांसमोर यासाठी नेहमी इंदूरचे दत्तात्रय दामोदर देवळालीकर असतात. १९२७ साली त्यांनी इंदूरमध्ये चित्रकलेची शाळा सुरू केली. ना. श्री. बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर, डी. जे. जोशी ही सगळी मंडळी त्यांच्या हाताखालून गेली. या चौघांची चित्रे शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत. बेंद्रे यांची रंगाची जाण, हुसेन यांची वेगवान रेघ, वाळकी पाने, काटक्या आणि टाकाऊ वस्तूंतून माणसे, पक्षी उभे करणारे चिंचाळकर, यांच्यात वरवर पाहता काहीही सारखे नाही. एकाही विद्यार्थ्याचे चित्र पाहून 'हा देवळालीकरांच्या शैलीचा चित्रकार' असे म्हणता येत नाही, आणि मला हीच त्यांच्या शिकवण्याची सर्वांत मोठी पावती वाटते. त्यांच्या मुलांनी इंदूरच्या रस्त्यांवर, घाटांवर, बाजारात बसून चित्रे काढली. समोर जे आहे ते उघड्यावर जाऊन पाहण्याची ती सवय सगळ्यांकडे राहिली आणि तिचे प्रत्येकाने आपापल्या परीने काहीतरी केले. बेंद्रे १९५० पासून १९६६ पर्यंत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवत होते. तेथे ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्याकडे शिकले, आणि तेही बेंद्रे यांची नक्कल करणारे झाले नाहीत. इंदूरच्या एका शिक्षकाने लावलेली सवय अशी दोन पिढ्या पुढे गेली.

दुसरे उदाहरण चित्रकार सय्यद हैदर रझा यांचे आहे आणि त्यात तर चित्रकलेचा शिक्षकही नाही. मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यातील ककैया येथील प्राथमिक शाळेत रझा शिकत होते. मुलाचे चित्त अभ्यासात लागत नाही हे पाहून मुख्याध्यापक नंदलाल झारिया यांनी व्हरांड्याच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले. रझा पुढे नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, १९५० साली पॅरिसला गेले, तेथे दीर्घकाळ राहिले, आणि त्यांच्या उत्तरायुष्यातील चित्रांच्या मध्यभागी तो बिंदू येऊन बसला. ही आठवण ते स्वतः वारंवार सांगत. झारिया गुरुजींनी मुलाला काढायला काहीच सांगितले नव्हते, पाहायला सांगितले होते, आणि पाहण्यासाठी एकच गोष्ट समोर ठेवली होती. वर्गात आपल्याला नेमके हेच करायचे आहे.

वर्गाची मांडणी

बाके ओळीने असली की मागच्या मुलांना वस्तूऐवजी पुढच्या मुलांच्या पाठी दिसतात. म्हणून वस्तुचित्राच्या दिवशी बाके भिंतीला लावून मुलांना अर्धवर्तुळात बसवावे, आणि साठ मुले असतील तर दोन किंवा तीन स्टुलांवर वेगवेगळ्या वस्तू मांडून तितके गट करावेत. ट्यूबलाइट बंद करावी आणि एकाच बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दोन्ही बाजूंनी उजेड आला की वस्तूची सावली फुटते आणि मुलांना छायाप्रकाश समजत नाही.

कागद सपाट बाकावर ठेवून काढलेले चित्र उभे धरले की लांबट दिसते, हे पुष्कळ शिक्षकांच्याही लक्षात आलेले नसते. मूल कागदाकडे तिरके पाहते, त्यामुळे त्याला कागदाची उंची कमी भासते आणि ती भरून काढण्यासाठी नकळत हात वस्तू ताणून काढतो. पॅड मांडीवर घेऊन त्याची वरची कड बाकाच्या काठाला टेकवली की हा दोष जवळजवळ पूर्ण जातो. पॅड नसेल तर जुन्या वहीचा जाड पुठ्ठा आणि कपड्यांचे दोन चिमटे पुरतात.

पेन्सिली एचबी आणि ४बी अशा दोनच सांगाव्यात. खोडरबर मात्र पहिल्या दहा मिनिटांसाठी माझ्या टेबलावरच्या डब्यात जमा होतो. मुले सुरुवातीला कुरकुर करतात, पण खोडण्याची सोय नसली की चुकलेली रेघ तशीच राहते आणि तिच्या शेजारी बरोबर रेघ काढताना दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसतो. खोडलेल्या रेघेतून काही शिकता येत नाही.

बांगडी, पेला आणि तांब्या

वस्तुचित्राची सुरुवात मी नेहमी बांगडीने केली. एक काचेची बांगडी घेऊन ती आडवी, डोळ्यांच्या समपातळीत धरायला प्रत्येक मुलाला सांगावे. बांगडी गोल आहे हे त्याला माहीत असते, पण या क्षणी त्याला एक सरळ आडवी रेघ दिसते. मग बांगडी तशीच आडवी ठेवून हळूहळू खाली न्यायला सांगावी. रेघ उघडू लागते, तिचा चिंचोळा लंबगोल होतो, तो रुंदावत जातो, आणि मांडीपाशी बांगडी आणून वरून पाहिले की जवळजवळ पूर्ण गोल दिसतो. वर्गात या वेळी जो आवाज उठतो तो मला ३१ वर्षांत कधी जुना झाला नाही. मुलांना इतकी वर्षे हातात असलेली वस्तू पहिल्यांदा दिसलेली असते.

त्यानंतर स्टुलावर काचेचा पेला ठेवावा आणि त्यात अर्ध्यापर्यंत कुंकू घातलेले पाणी भरावे. आता तीन लंबगोल दिसतात: पेल्याच्या तोंडाचा, पाण्याच्या पातळीचा आणि बुडाचा. पेला डोळ्यांच्या पातळीच्या खाली असल्यामुळे तोंडापेक्षा पाण्याचा लंबगोल अधिक उघडा, आणि पाण्यापेक्षा बुडाचा आणखी उघडा दिसतो, कारण तो नजरेपासून अधिक खाली आहे. पुढे, स्टुलाजवळ बसलेल्या मुलाला हे लंबगोल मोठे उघडलेले दिसतील आणि मागच्या मुलाला चपटे दिसतील. म्हणजे दोघांची चित्रे वेगळी असली तरी दोन्ही बरोबर असू शकतात, हे येथेच स्पष्ट सांगून टाकावे. शेजाऱ्याचे चित्र पाहून काढण्याची सवय या एका वाक्याने जितकी कमी होते तितकी ओरडून होत नाही.

पेल्यानंतर तांब्या घ्यावा. काच नसल्यामुळे आता बूड पूर्ण दिसत नाही, त्याची पुढची कड तेवढी दिसते, आणि येथे जवळजवळ प्रत्येक मूल एकच चूक करते: तोंड सुरेख लंबगोल काढते आणि बुडाला सरळ आडवी रेघ मारते. तांब्या स्टुलावर सपाट बसला आहे हे त्याला ठाऊक असते, म्हणून हात ठाऊक असलेली गोष्ट काढतो. अशा वेळी 'बूड चुकले' असे म्हणू नये. मी मुलाला उठवून पेल्यापाशी नेते, पेल्याचे बूड पुन्हा पाहायला लावते आणि विचारते, "तांब्याचे बूड काचेचे असते तर तुला तिथे काय दिसले असते?" त्यानंतर मूल जागेवर जाऊन सरळ रेघेला खाली बाक देते. तो बाक किती द्यायचा हे त्यालाच ठरवू द्यावे. पहिल्यांदा तो जास्त होईल, दुसऱ्यांदा कमी होईल.

लंबगोलाची दोन्ही टोके टोकदार काढण्याची सवय हाताने मोडावी लागते, समजावून मोडत नाही. पेन्सिल कागदापासून चार बोटे वर धरून हात हवेत पाच-सहा वेळा लंबगोल फिरवावा, फिरता हात न थांबवता पेन्सिल कागदावर टेकवावी आणि एकावर एक तीन-चार फेरे होऊ द्यावेत. मनगट स्थिर ठेवून खांद्यापासून हात फिरला पाहिजे. वहीची दोन पाने रोज अशी भरायला सांगितली की महिन्याभरात हात सैल होतो.

माप घेण्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. हात कोपरात न वाकवता ताठ पुढे करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने वस्तूची रुंदी धरावी हे सगळे शिकवतात. परंतु मुले तीच लांबी पेन्सिलीवरून उचलून थेट कागदावर उतरवतात आणि चित्र बोटभर होते. माप केवळ तुलनेसाठी आहे, हे हाताने करून दाखवावे लागते: तांब्याच्या पोटाची रुंदी एक माप धरली तर त्याची उंची किती मापे भरते, सव्वा की दीड, एवढेच मोजायचे, आणि मग कागदावर आपल्याला हव्या त्या आकारात तेच प्रमाण ठेवायचे. कोपर वाकला की प्रमाण बिघडते, म्हणून मी वर्गातून फिरताना फक्त कोपरांकडे पाहते.

वस्तूच्या कडांइतकेच वस्तूंमधल्या रिकाम्या जागांकडे पाहायला लावावे. कपाचा कान मुलांना जमत नाही, पण कानाच्या आतली पोकळी काढायला सांगितली तर ती जमते, कारण पोकळीचा आकार कसा असतो याबद्दल मुलाच्या मनात आधीचे काही ठरलेले नसते. खुर्ची काढतानाही पायांऐवजी पायांमधल्या जागा काढायला सांगून पाहा.

छायाप्रकाशासाठी डोळे किलकिले करून पाहायला शिकवले की बारकावे पुसले जातात आणि उजेड, मधली छटा व अंधार अशा तीन पायऱ्या दिसतात. तीनच छटांत चित्र पुरे करू द्यावे. बोटाने चोळून गुळगुळीत केलेली सावली मुलांना फार आवडते, पालकांनाही आवडते, पण त्यात वस्तूची गोलाई कोणत्या दिशेने वळते हे मुलाने पाहिलेलेच नसते. पेन्सिलीच्या तिरप्या रेघांनी, पोटाच्या वळणाने जाणाऱ्या, सावली भरली तर ते पाहणे भाग पडते.

काय बोलावे

मुले वही घेऊन येतात आणि विचारतात, "बाई, बरोबर आहे का?" या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर कधीच देऊ नये, कारण दोन्ही उत्तरांनी मुलाचे डोळे वस्तूवरून उठून शिक्षकाच्या चेहऱ्यावर येतात. मी उलट विचारते, "तुला यात कोणती जागा खात्रीची वाटते आणि कोणती शंकेची?" बहुतेक मुले शंकेची जागा अचूक दाखवतात. मग दोघांनी मिळून त्या एका जागेकडे वस्तूत पाहावे. एका वेळी एकच दोष घ्यावा. प्रमाण चुकले असेल तर त्या दिवशी सावलीबद्दल बोलू नये.

'छान' हा शब्द मी जपून वापरला. चित्रातील एखादी नेमकी गोष्ट दाखवून केलेले कौतुक मुलाला वर्षानुवर्षे आठवते: "ही ओळ पाहा, येथे तू पेन्सिल हलकी केलीस म्हणून कड मागे गेली." असे कौतुक पुढच्या चित्रात उपयोगी पडते. नुसत्या 'छान'मुळे मूल तेच चित्र पुन्हा काढत राहते.

आठ-नऊ वर्षांपर्यंत मुले मनमोकळी चित्रे काढतात, आणि त्यानंतर 'खऱ्यासारखे' दिसावे अशी ओढ त्यांना लागते. खऱ्यासारखे जमत नाही म्हणून याच वयात अनेक मुले 'मला चित्र येत नाही' असे म्हणून चित्रकलेतून कायमची उठतात. पाचवी ते सातवीच्या शिक्षकाचे सगळ्यात मोठे काम या वेळी असते. याच वर्गांत तुम्हाला तेच ठरावीक निसर्गचित्र साठ वह्यांत साठ वेळा दिसेल: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, नारळाचे झाड आणि आकाशात एम अक्षरासारखे पक्षी. आमच्या गावात नारळाचे झाड नव्हते, तरी ते सगळ्यांच्या चित्रांत होते. मुलांना त्याबद्दल हसू नये आणि ते काढायला बंदीही करू नये. त्याऐवजी विचारावे, "तुझ्या घराच्या दारात उभे राहिले की पहिल्यांदा काय दिसते?" एका मुलाने सांगितले, समोरच्या गोठ्याचा पत्रा, त्यावर ठेवलेले दगड आणि एक फाटके टायर. त्याला तेच काढायला लावले. पत्र्याच्या पन्हळी मोजून काढताना तो दोन तासिका मान खाली घालून बसला होता, आणि त्या चित्रात प्रथमच त्याचे गाव आले.

स्मरणचित्र आणि ग्रेड परीक्षा

महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा हजारो मुले देतात. दहावीला वाढीव गुण मिळत असल्यामुळे पालकांचा त्यासाठी आग्रह असतो, आणि हा आग्रह शिक्षकाने वाया घालवू नये. मात्र स्मरणचित्राच्या तयारीसाठी बाजारातल्या मार्गदर्शक वह्यांतून 'बसस्टॉप', 'जत्रा', 'फुगेवाला' ही चित्रे मुलांकडून पाठ करून घेण्याची जी पद्धत पडली आहे ती मला मनापासून खटकते. पाठ केलेले चित्र हे स्मरणचित्र होत नाही, कारण मुलाने जत्रा आठवलेली नसते, जत्रेचे दुसऱ्याने काढलेले चित्र आठवलेले असते.

स्मरण शिकवता येते. पॅरिसमध्ये १९व्या शतकात ओरास लकॉक द ब्वाबोद्राँ नावाच्या शिक्षकाने याचीच शिस्त बसवली होती. आधी साध्या रेघा व कोन आठवून काढणे, मग वस्तू, मग हलणारी माणसे, अशा चढत्या पायऱ्यांनी तो विद्यार्थ्यांची दृष्टिस्मृती घडवत असे. शिल्पकार रोदँ त्याच्याकडे शिकला. चित्रकार आल्फाँस लग्रो हाही त्याचाच विद्यार्थी, आणि तो १८७६ पासून लंडनच्या स्लेड या कलाशाळेत शिकवू लागला.

आपल्या वर्गात हे असे करता येते. पहिल्या आठवड्यात फळ्यावर तीन रेघांची एक आकृती काढून दहा सेकंदांनी पुसावी आणि मुलांनी ती वहीत काढावी. पुढे एक कात्री किंवा कुलूप दोन मिनिटे दाखवून रुमालाखाली झाकावे. मग आठवडी बाजाराच्या दिवशी मुलांना कागद-पेन्सिल न देता बाजारात पाठवावे आणि प्रत्येकाने एकच माणूस निवडून पंधरा मिनिटे पाहावा असे सांगावे: भाजीवाली तराजू कोणत्या हाताने उचलते, तेव्हा दुसरा खांदा खाली जातो का, गिऱ्हाईक कोठे वाकते. चित्र दुसऱ्या दिवशी वर्गात काढायचे. ज्यांना आठवत नाही त्यांना पुढच्या बाजारी काय पाहायचे हे आपोआप समजते. अशा तयारीने बसलेली माझी मुले परीक्षेत मागे पडली नाहीत. विषय कोणताही आला तरी त्यांच्याजवळ पाहिलेली माणसे असत.

संकल्पचित्रासाठी, म्हणजे नक्षीच्या रचनेसाठी, मुलींच्या ठिपक्यांच्या रांगोळीइतके चांगले साधन मला दुसरे सापडले नाही. समान अंतर, पुनरावृत्ती आणि दोन्ही बाजूंचा समतोल त्यांच्या हातात आधीच असतो. वर्गातल्या एखाद्या मुलीलाच फळ्यापाशी बोलावून सातास सात ठिपक्यांची रांगोळी काढायला लावावी आणि मुलांनी तिच्याकडून शिकावे.

नक्कल करू द्यावी का

कॅलेंडरवरच्या देवाचे चित्र चौकटी आखून उतरवणे म्हणजे हाताला कष्ट आणि डोळ्यांना सुट्टी. पण नक्कल सरसकट वाईट नाही. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेत आणि लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत. त्यांपैकी बऱ्याच प्रतिकृती पुढे इंग्लंडमध्ये आगीत नष्ट झाल्या. परंतु अजिंठ्यात काम केलेले पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे विद्यार्थी पुढे नामांकित चित्रकार झाले. भिंतीसमोर महिनोन् महिने बसून एक रेघ कोठून उगवते आणि कोठे मिटते हे पाहणे, ही नक्कल अभ्यासाची असते. शाळेत तेवढे शक्य नाही, पण एखादा वारली चौक (लग्नात भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र), एखाद्या मंदिराच्या खांबावरची वेल किंवा गावातल्या मूर्तिकाराच्या हातची गणपतीची सोंड प्रत्यक्ष समोर ठेवून काढायला देता येते. छापील चित्रावरून नक्कल दिलीच तर ते चित्र उलटे धरून काढायला सांगावे, म्हणजे मुलाला ओळखीचा चेहरा न दिसता रेघा दिसतात.

रंगांबद्दल थोडेच सांगते, कारण रेखाटनाचा हात बसला की रंग मागाहून येतात. बारा रंगांच्या पेटीतून तीनच रंग, एक पिवळा, एक लाल आणि एक निळा, वापरायला लावून उरलेले स्वतः तयार करू द्यावेत. काळा रंग पहिले वर्षभर पेटीतच राहू द्यावा.

वही

सगळ्यात जास्त टिकणारी गोष्ट म्हणजे रेखाटनाची वही. ती लहान असावी, दप्तरात मावणारी, कोऱ्या कागदाची. पाठकोऱ्या कागदांची घरी शिवलेली असली तरी चालते. तिचे दोन नियम मी कधी सैल केले नाहीत. पान फाडायचे नाही, आणि प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात खाली तारीख व ठिकाण लिहायचे. 'गोठा, १२ जुलै, पाऊस' एवढे पुरे. या वहीला गुण द्यायचे नाहीत आणि मूल स्वतःहून दाखवत नाही तोवर ती मागायचीही नाही.

माझ्याकडे नववीत एक मुलगा होता. वर्गातल्या कामात तो सामान्य होता, परीक्षेलाही बसला नाही. दिवाळीनंतर त्याने वही आणून टेबलावर ठेवली आणि लगेच निघून गेला. आत चाळीसेक पाने त्याच्या आईचे हात होते, पावटे सोलणारे. प्रत्येक पानावर तेच दोन हात, पण कुठे शेंग अंगठ्याखाली दबलेली, कुठे उघडलेली, कुठे दाणा बोटातून निसटताना. पहिल्या पानांवर बोटे काड्यांसारखी होती. विसाव्या पानाच्या आसपास पेरांना जाडी आली, आणि शेवटी शेवटी बांगड्या मनगटावर ज्या कोनात कलतात त्यावरून हात कोठे टेकला आहे हे कळत होते. बांगडीचा तो लंबगोल आमच्या वर्गातलाच होता. मी त्या वहीत काहीही लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी ती परत देताना एवढेच विचारले की सोललेले दाणे कोठे पडतात, ते भांडे एकाही चित्रात का नाही. पुढच्या आठवड्यात चित्रांत सूप आले.

तो मुलगा पुढे कोल्हापूरला कलाशिक्षण घेऊन चित्रकार झाला. चौदा वर्षांनी भेटायला आला तेव्हा त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत वही होती आणि मी मागितल्यावर त्याने ती दिली. त्याची रेघ आता माझ्या ओळखीची राहिली नव्हती, चित्रे माझ्या समजुतीच्या पलीकडे गेलेली होती, काही पानांवर तर आकृतीही नव्हती. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात खाली मात्र तारीख आणि ठिकाण लिहिलेले होते.

दहावीची मुले शाळा सोडून जातात त्या आठवड्यात एक काम आवर्जून करावे. पाचवीपासून वर्गात राहिलेली त्यांची चित्रे, बक्षिसाची आणि बिनबक्षिसाची सगळी, तारखेप्रमाणे लावून प्रत्येकाला परत द्यावीत. साठ मुलांची पाच-सहा वर्षांची चित्रे सांभाळायला जागा लागते. मी ती कपाटाच्या वर, वर्गवार सुतळीने बांधून, वाळवीसाठी कडुनिंबाचा पाला घालून ठेवत असे. गठ्ठा हातात पडला की मुले आधी हसतात, मग पाचवीतला तांब्या आणि दहावीतला तांब्या शेजारी-शेजारी धरून गप्प होतात. तेवढा वेळ त्यांना द्यावा. त्या दिवशीच्या तासिकेला दुसरे काही ठेवू नये.